संडासाचा खड्डा भरला, आता पुढे काय?

गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांत घरोघरी संडास झाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. त्यात पात्र कुटुंबाला संडास बांधण्यासाठी १२,००० रुपये मिळू लागले आणि सरकारी आकड्यांप्रमाणे पाच वर्षांत १० कोटींहून अधिक संडास उभे राहिले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. हे काम लहान नाही. पण संडास बांधला म्हणजे काम संपले असे नाही. त्यावेळचे अनेक खड्डे आता भरले आहेत किंवा भरत आले आहेत. आता काय करायचे, हे कोणी समजावून सांगितलेले नसते. मग कोणी पुन्हा टमरेल घेऊन ओढ्याकडे वळतो, तर कोणी एखाद्या गरीब माणसाला चार पैसे देऊन खड्ड्यात उतरवतो. पहिल्या मार्गाने रोग परत येतात. दुसरा मार्ग कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात माणसाचा जीवही जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

मैला तोंडापर्यंत कसा पोहोचतो

हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ आणि जंत यांची वाट एकच आहे. एकाच्या विष्ठेतून ते दुसऱ्याच्या तोंडात जातात. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडली. बहुतेक रोगी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होते, असे त्यांना आढळले. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा जंतू रोग्यांच्या आतड्यात आणि तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला.

विष्ठेपासून तोंडापर्यंत येण्याच्या वाटा पाच आहेत: बोटे, माश्या, शेतातील माती, पाणी आणि अन्न. संडास या वाटांच्या मुळाशीच अडसर घालतो, पण तो सर्वांनी सर्व दिवस वापरला तर. गावातील निम्मी माणसे उघड्यावर बसत असतील तर उरलेल्या निम्म्यांचे संडास त्यांना पुरते वाचवू शकत नाहीत, कारण माशी कोणाच्या कुंपणापाशी थांबत नाही.

तान्ह्या मुलांची शी निरुपद्रवी असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. मुलांना हगवण आणि जंत अधिक होतात, म्हणून त्यांच्या शीमध्ये रोगजंतूही अधिक असू शकतात. ती अंगणाच्या कोपऱ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता संडासातच टाकावी. त्यानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. केवळ या एका सवयीने हगवणीचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते.

शेतात राबणाऱ्यांचा खास शत्रू

शेतकऱ्याने ओळखावा असा एक जंत म्हणजे अंकुशकृमी. हा तोंडातून नव्हे, पायातून शिरतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात. ओलसर, सावलीच्या जमिनीत त्यांतून अळ्या निघतात आणि आठवडाभरात अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरण्याइतक्या तयार होतात. नारळी-पोफळीच्या बागा, केळीचे मळे आणि भातखाचरांचे बांध ही त्यांना मानवणारी ठिकाणे. आतड्याला चिकटून हे जंत रक्त पितात. माणूस फिकट पडतो, धाप लागते, काम होत नाही. गरोदर स्त्रीला हा रक्तक्षय फार घातक. अमेरिकेच्या दक्षिण भागातही एकेकाळी लाखो शेतकरी याच जंताने दुबळे झाले होते. १९०९ साली तेथे मोठी मोहीम सुरू झाली. तिचे उपाय होते औषध, पायात जोडे आणि घराजवळ संडास. आपल्यालाही याहून वेगळे काही करायचे नाही.

डुकरे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

गोव्यात जुन्या घरांच्या मागे डुकरांचा संडास असे. माणूस वर बसे आणि डुकर खाली सफाई करी. असे संडास आता बहुतेक गेले, पण मोकाट फिरणारी डुकरे अजूनही दिसतात. यातील धोका समजून घ्यावा.

डुकराच्या मांसातून येणारा चपटा जंत माणसाच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फोड तयार होतात. ते मांस अर्धेकच्चे खाल्ले की जंत पुन्हा माणसाच्या पोटात येतो. एवढ्यावर भागत नाही. हीच अंडी घाणेरड्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर फोड माणसाच्याच शरीरात, कधी मेंदूत होतात आणि त्याला फेफरे येऊ लागते. म्हणजे मेंदूतले फोड डुकराचे मांस खाण्याने नव्हे, तर माणसाच्या विष्ठेतील अंड्यांमुळे होतात. म्हणून आयुष्यात कधी मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो.

उपाय स्पष्ट आहेत. घरातील सर्वांनी संडास वापरावा. डुकरे कोंडून पाळावीत. मांस आतपर्यंत शिजवावे. शौचात शेवईच्या चपट्या तुकड्यांसारखे पांढरे काही दिसले तर डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावे. फेफऱ्याच्या रोग्याला मात्र जंताचे औषध मनाने कधीही देऊ नये.

दोन खड्डे कशासाठी?

ही कल्पना आपल्या मातीतच वाढली. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. त्यांचा ‘गोपुरी संडास’ प्रसिद्ध झाला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून आप्पासाहेबांनी अन्न सोडले होते आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला होता. गुजरातमध्ये ईश्वरभाई पटेल यांनी सफाई विद्यालयातून हेच काम पुढे नेले. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक (१९४३–२०२३) यांनी १९७० साली सुलभ ही संस्था काढून दोन खड्ड्यांचा, पाणी ओतून वापरायचा संडास देशभर नेला. मैला डोक्यावरून वाहणारी माणसे त्या कामातून सुटावीत, हाच या सर्वांचा मुख्य हेतू होता.

योजना सोपी आहे. भांड्याखाली पाणी धरून ठेवणारा कोंबडा असतो. त्यात साधारण पाऊण इंच पाणी कायम राहते, म्हणून वास आणि माशी वर येत नाहीत. भांडे उभट उताराचे असल्याने दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. पुढे एक लहान चौकी असते आणि तिच्यातून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दोन वाटा दोन खड्ड्यांकडे जातात. एका वेळी एकच वाट उघडी ठेवायची, दुसरी विटेने बंद करायची. पहिला खड्डा भरला की वाट बदलायची. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मैल्याची माती झालेली असते.

पुष्कळ लोक म्हणतात, “खड्डा लहान आहे, लवकर भरेल.” म्हणून ते दहा-पंधरा फुटांचा एकच खोल खड्डा खणतात. हिशेब करून पाहा. पाणी जमिनीत मुरते, उरलेला मैला कुजून आटतो आणि एका माणसामागे वर्षाला सुमारे ४५ लिटर गाळ उरतो. पाच माणसांच्या घराचा वर्षाला २२५ लिटर झाला. एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट व्यासाच्या आणि नळीखाली तितक्याच खोल खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर मावतात. म्हणजे तो तीन वर्षांहून अधिक पुरतो. खड्डा लहान ठेवण्यामागे विचार आहे. तो वरूनच फावड्याने रिकामा करता येतो, कोणालाही आत उतरावे लागत नाही. खोल खड्ड्याचे दोन तोटे आहेत. तो भूजलाला भिडून विहीर नासवतो आणि एक दिवस भरतो तेव्हा त्यात ताजा व जुना मैला मिसळलेला असतो.

बांधताना जमीन पाहा

१. खड्ड्याच्या भिंती विटांच्या किंवा चिऱ्यांच्या जाळीदार असाव्यात, म्हणजे पाणी मुरेल. वरचा फूटभर भाग सलग बांधावा. तळाला सिमेंट करू नये.

२. दोन खड्ड्यांमध्ये निदान एक मीटर माती असावी, नाहीतर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपते.

३. पिण्याच्या विहिरीपासून निदान १० मीटर, जमल्यास १५ मीटर अंतर ठेवावे. जांभ्याच्या आणि भेगाळ खडकाच्या जमिनीत पाणी भेगांतून दूर धावते, तेथे अंतर आणखी वाढवावे आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला घ्यावा.

४. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातील भूजलापेक्षा सुमारे दोन मीटर वर असावा. म्हणून विहिरीची पातळी ऑगस्टमध्ये पाहून ठेवावी आणि खड्डा उन्हाळ्यात खणावा. गोव्याच्या किनारपट्टीवर जेथे पाणी अगदी वर येते, तेथे जोते उंच करून खड्डे उथळ व रुंद घ्यावेत.

५. बेळगाव भागातील काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरते. तेथे खड्डा थोडा मोठा घेऊन भिंतीभोवती फूटभर जाडीचा वीटतुकड्यांचा किंवा मुरमाचा थर द्यावा.

६. वरचे झाकण उचलता येईल अशा फरशांचे असावे. उंच हवानळीची गरज नाही, वायू आजूबाजूच्या मातीत जिरतो.

मोरीचे पाणी या खड्ड्यात सोडू नये. शहरी पद्धतीची पाण्याची टाकी बसवू नये, कारण दर वेळी दहा लिटर पाणी गेले तर खड्डा मुरवू शकत नाही. फिनेल आणि ॲसिडचा मारा करू नये, त्याने कुजवणारे जंतू मरतात. कापड, प्लॅस्टिक, पॅड भांड्यात टाकू नयेत.

भरल्यावर काय करावे

पाणी हळू उतरू लागले, भांड्यात वर येऊ लागले, म्हणजे खड्डा भरत आला असे समजावे. मग पुढीलप्रमाणे करावे.

चौकी उघडून भरलेल्या खड्ड्याची वाट वीट आणि चिखल लावून घट्ट बंद करावी व दुसरी मोकळी करावी. त्या दिवसाची तारीख संडासाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी. हे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण विश्रांतीचा काळ त्या दिवसापासून मोजायचा असतो. आपल्या उष्ण हवेत बंद खड्ड्याला निदान एक वर्ष पुरते. जमीन ओली असेल तर दोन वर्षे द्यावीत. पोटातील लांब जंताची अंडी फार चिवट असतात आणि त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. घाई करू नये ती यासाठी.

खड्डा मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत, दिवसा उघडावा. झाकण काढून काही तास वारा लागू द्यावा. आतला माल काळसर, भुसभुशीत, चहाच्या पुडीसारखा आणि बिनवासाचा असेल तर तो तयार झाला. तो फावड्याने वरूनच काढावा, आत उतरू नये. हातमोजे आणि बूट घालावेत, नंतर साबणाने अंघोळ करावी. माल ओला आणि दुर्गंधीचा असेल तर झाकण परत ठेवून आणखी काही महिने थांबावे.

हे काम घरच्या माणसाने करावे. शेणखताची घमेली उचलणाऱ्या शेतकऱ्याला ते जड नाही. खड्डा उपसणे हे अमुक जातीचे काम, ही समजूत आपल्यातही शिरलेली आहे. ती धरून बसलो तर संडासाची चांगली योजनाही फुकट जाते. तयार झालेली माती ही माती असते, ती उचलणाऱ्याला कोणताही विटाळ लागत नाही.

सोनखत कोठे घालावे

हे खत नारळ, आंबा, केळी यांच्या आळ्यात मातीखाली घालावे किंवा नांगरटीपूर्वी शेतात मिसळावे. कोथिंबीर, मुळा, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खायच्या पिकांना घालू नये. मात्र यामुळे युरियाच्या गोण्या वाचतील अशी आशा धरू नये. माणसाच्या शरीरातून जाणारे नत्र बहुतेक मूत्रात असते आणि या संडासात मूत्र जमिनीत मुरते. या खताचा खरा उपयोग जमीन भुसभुशीत करण्यास आणि ओल धरण्यास होतो.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना संडास त्याला जोडता येतो. त्याने गॅसही थोडा वाढतो. पण तेथून निघणारी रबडी ताजी वापरू नये. ती कचऱ्याबरोबर खड्ड्यात कुजवून मगच शेतात न्यावी.

एकच खड्डा किंवा सेप्टिक टँक असेल तर

एकच खड्डा असणाऱ्यांनी तो भरण्यापूर्वीच शेजारी दुसरा खणून चौकी बसवून घ्यावी. संडास नव्याने बांधावा लागत नाही.

सेप्टिक टँकची गोष्ट वेगळी. त्यात मैल्याचे खत होत नाही. गाळ तळाला साठतो, बाहेर पडणारे पाणीही रोगट असते. ते गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे आणि दर दोन-तीन वर्षांनी टँक गाडी बोलावून यंत्रानेच उपसावा. टँकमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. तो जास्त असेल तर नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. मग दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच पडतो. वासावर किंवा जळत्या कंदिलावर भरवसा ठेवून कोणीही आत उतरू नये. मैला हाताने उपसायला लावणे १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंद केले आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण गेलेला बाप पैशाने परत येत नाही. आपल्या दारात असे होऊ देऊ नये.

गावाचा संडास कसा टिकतो

बाजार, शाळा, बसथांबा, फेस्त-जत्रा येथे सार्वजनिक संडास हवाच. पण तो बांधल्यावर वर्षभरात बंद पडल्याचे अनुभव ठिकठिकाणचे आहेत. याचे कारण बहुधा एकच असते. बांधकामाला पैसा ठेवलेला असतो, झाडणाऱ्याला आणि पाण्याला नसतो.

१९७४ साली पाटण्यात सुलभने पैसे देऊन वापरायचा सार्वजनिक संडास सुरू केला. लोक यासाठी पैसे देणार नाहीत, असे पुष्कळांना वाटत होते. पण स्वच्छता, पाणी आणि दिवसरात्र राखणदार मिळाल्यावर लोकांनी पैसे दिले. १९९९ पासून पुण्यात महापालिकेने वस्त्यांतील शेकडो संडासगृहांचे काम संस्थांकडे आणि महिला मिलनसारख्या गटांकडे सोपवले. वस्तीतील बायकांचे म्हणणे आराखड्यात आले. बायकांची रांग वेगळी झाली, मुलांसाठी लहान भांडी आली, पाण्याची टाकी मोठी झाली, राखणदाराच्या कुटुंबाला तेथेच खोली मिळाली आणि कुटुंबाला महिन्याचा पास ठरला.

आपल्या गावासाठी यातून घेण्यासारखे बरेच आहे. पहिली वीट रचण्यापूर्वी झाडणारा कोण, त्याचा पगार कोठून आणि पाणी कोठून, हे ठरवावे. बायकांसाठी भांडी अधिक ठेवावीत, कारण त्यांना वेळ अधिक लागतो. आतून कडी, दिवा आणि पॅड टाकण्यासाठी झाकणाची बादली असावी. म्हाताऱ्यांसाठी धरायला दांडा असावा. शाळेत या सोयी नसल्या तर मोठ्या मुली महिन्याचे ते चार दिवस घरी राहतात.

बेळगाव भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या झोपड्यांजवळ बहुधा काहीच सोय नसते. ज्याच्या शेतात टोळी उतरते त्याने पाण्यापासून दूर एक फूट रुंद, दोन फूट खोल चर खणून द्यावा. बसायला दोन फळ्या, भोवती ताडपत्रीचा आडोसा आणि शेजारी मातीचा ढीग ठेवावा. प्रत्येक वेळी वर माती लोटावी. चर फूटभर उरला की मातीने बुजवून दुसरा खणावा. एका सकाळचे काम आहे, आणि त्याने टोळीतील बायकांची अंधारात दूर जाण्याची पाळी टळते.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढे करावे. आपल्या संडासाची चौकी उघडून पाहावी. दोन्ही वाटा एकदम उघड्या असतील तर एक बंद करावी. खड्डा केव्हा सुरू झाला ते घरातील जुन्या माणसांना विचारून भिंतीवर लिहावे. दुसरा खड्डा नसेल तर उन्हाळा संपण्यापूर्वी खणून घ्यावा. गवंड्याला काही शंका असेल तर हे पान त्याला वाचून दाखवावे.